पंचावन्न हजारांत विमान आणि शहर: पीसीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

घरात पीसी एक आणि त्यावर माणसं दोन. मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर उडवतो (२०२० चं), लेक सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये नाशिक बांधते. दोन्ही खेळ आता इतके रखडतात की बसावंसं वाटत नाही.

आज सकाळी सिम्युलेटरमध्ये नाशिकच्या ओझर विमानतळावरून निघालो. वैतरणेचा जलाशय, कसाऱ्याचे डोंगर, इथपर्यंत झकास. मुंबईत घाटकोपरवरून २७ नंबरच्या धावपट्टीकडे उतरायला लागलो आणि चित्र गचके खायला लागलं. उतरताना शेवटच्या पन्नास फुटांत नाक किती उचलायचं हे डोळ्यांनी ठरतं. नेमकं तिथेच चित्र थबकलं की चाकं आपटतात. आज तीन वेळा आपटली.

घरात बोलून आकडा ठरवला: ५५,००० रुपये, दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवलेले. त्याच्या वर एक रुपया नाही. २४ इंची १०८०पी मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड जुनेच राहतील.

आत्ता काय आहे ते लिहून ठेवतो. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १०६० सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), २५६ जीबीची एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. २०१९ च्या गणपतीत असेंबल करून घेतलेला पीसी आहे.

कंपनीत ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "ग्राफिक्स कार्ड बदला, बाकी काही बघू नका." मी अंबडला मेंटेनन्समध्ये आहे. मोटर तापली की आम्ही लगेच मोटर बदलत नाही, आधी करंट मोजतो. इथेही आधी मोजणार, मग पैसे काढणार.

७ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी (तिकडे सहा तारखेची संध्याकाळ) लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात एनव्हिडियाने ग्राफिक्स कार्डांची आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. ५०७० ची किंमत ५४९ डॉलर. डॉलरचे रुपये केले तर ४७ हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी धरला की आमचं अख्खं बजेट एका कार्डात संपतं. ते कार्ड चांगलं असेल, पण माझा प्रश्न वेगळा आहे. विचार इथेच थांबवला.

११ जानेवारी, शनिवार

आजचा पूर्ण दिवस मोजण्यात गेला, आणि मला वाटतं या सगळ्या कामातला हाच सर्वात मोलाचा दिवस ठरेल.

फ्लाइट सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की वर एक मेनू येतो, त्यातून फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या एकेका चित्राचा, तक्ता उघडता येतो. तो नुसता वेग सांगत नाही, कोण कुणासाठी थांबलंय तेही सांगतो. एकाच जागेची फ्लाइट सेव्ह केली: ए३२०, धावपट्टी २७ पासून दहा मैल, सकाळचे आठ, आकाश निरभ्र, इतर विमानं बंद. प्रत्येक मोजणी तीनदा घेतली आणि मधला आकडा धरला.

पहिला निकाल: मेनथ्रेडला (प्रोसेसरवरची कामाची मुख्य रांग) एका फ्रेमसाठी ४४ मिलिसेकंद, जीपीयूला (ग्राफिक्स कार्डाला) २३. खाली लाल अक्षरात "लिमिटेड बाय मेनथ्रेड". सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, ६० साठी १६.७ मध्ये. माझा प्रोसेसर ४४ घेतोय, म्हणजे जेमतेम २३ फ्रेम. ग्राफिक्स कार्ड आपलं काम २३ मिलिसेकंदांत उरकतं आणि पुढची फ्रेम येण्याची वाट बघत बसतं. ४० हजारांचं कार्ड आणून बसवलं असतं तरी ते असंच वाट बघत बसलं असतं.

खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणलं. कार्डावरचं काम निम्म्याहून कमी झालं, आकडा ४४ चा ४३ झाला. शंका फिटली.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी स्वतः पाच वर्षं तिला फसलो. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३५ टक्के दाखवतो. मला वाटायचं, प्रोसेसर तर मोकळाच आहे. पण ही बारा थ्रेडची, म्हणजे प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या बारा कामाच्या रांगांची, सरासरी आहे. विमानाचं गणित, कॉकपिटमधले पडदे, खालच्या जमिनीचं व्यवस्थापन यातलं बरंच एकाच थ्रेडवर ओळीने चालतं. तो एक जण घामाघूम आणि बाकीचे अर्धवट रिकामे, की सरासरी ३५ टक्के दिसणारच.

त्याच पानावर दुसरं सापडलं. रॅमचा वेग: २१३३. रॅमच्या पट्टीवर ३००० छापलंय! बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवणारी सोय, कधी चालूच केलं नव्हतं. असेंबल करणाऱ्याने केलं नाही आणि मी बघितलं नाही. चालू केलं, ३००० वर स्थिर राहिलं, मेनथ्रेड ४४ वरून ३९ वर. एक पैसा न खर्चता. मग टेरेन लेव्हल ऑफ डिटेलचा सरकता काटा २०० वरून १०० वर आणला, ३३ झाले. हा काटा किती दूरपर्यंतची जमीन तपशिलात ठेवायची ते ठरवतो आणि त्याचा मोठा भार प्रोसेसरवर येतो. पण १०० वर सह्याद्रीचे सुळके दूरून मेणासारखे वितळलेले दिसतात, ते मला चालणार नाही.

आता लेकीचं शहर. लोकसंख्या १ लाख २० हजार. तिथे फ्रेमपेक्षा शहराचं घड्याळ महत्त्वाचं. वेग सर्वात जास्त ठेवूनही शहरातला एक तास पुढे सरकायला मोबाइलच्या घड्याळात २ मिनिटं ४० सेकंद लागली. प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी आपापली वाट शोधते, त्याचं ओझं. फरक असा की हा खेळ काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये (काम करणाऱ्या भागांत) वाटून देतो, बाराच्या बारा थ्रेड ८० टक्क्यांच्या वर दिसतात. म्हणजे मला एक कोअर चपळ हवा आणि तिला कोअर जास्त हवेत.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर कागद घेऊन बसलो.

लॅपटॉप बाद. या पैशांत ४ किंवा ६ जीबीचं ग्राफिक्स मिळतं, आणि दोन तासांच्या उड्डाणात तो तापून वेग कमी करतो. पुढे त्यात बदलण्यासारखं काही उरत नाही.

सगळं नवं, म्हणजे एएम५ हे नव्या पिढीचं सॉकेट: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५. चौकशी केली, साधारण चाळीस हजार. उरलेल्या पंधरात कार्ड, एसएमपीएस, एसएसडी बसत नाहीत. पुढच्या वाढीसाठी ही वाट चांगली आहे, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने हीच धरावी. माझ्याकडे बोर्ड आहे.

तिसरी वाट, आहे तोच बी४५० बोर्ड ठेवून त्यावर रायझन ७ ५७०० एक्स३डी. आठ कोअर, आणि एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) ९६ एमबी. माझ्या २६०० मध्ये १६ आहे, स्वस्तातल्या ५६०० मध्ये ३२. ५६०० नऊ हजारांत मिळतो, हा एकवीसच्या पुढे. दुपटीहून जास्त. एवढा फरक का द्यायचा हे लेकीने विचारलं तेव्हा स्वयंपाकघर दाखवलं. फोडणी करताना मिसळणाचा डबा ओट्यावर हाताशी असतो. मोहरी संपली आणि माळ्यावरच्या डब्यातून आणायची वेळ आली, की तोवर तेल जळतं. कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे माळा. रॅमपर्यंत जाऊन यायला एल३ च्या कित्येक पट वेळ जातो. सिम्युलेशनमध्ये डेटा विखुरलेला असतो, हजारो गाड्या, हजारो इमारती, जमिनीचे तुकडे, त्यामुळे माळ्यावर सारखं चढावं लागतं. एक्स३डी मध्ये नेहमीच्या ३२ एमबीवर ६४ एमबीचा आणखी एक थर रचलेला आहे. म्हणून ४.१ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर या खेळांत त्याहून जास्त गिगाहर्ट्झवाल्यांना मागे टाकतो. इतर बऱ्याच खेळांत हा फरक फिका पडतो. नुसते नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने ५६०० घ्यावा आणि वाचलेले पैसे कार्डात घालावेत.

लेक म्हणाली, "म्हणजे तुम्हाला मोठा डबा आणि मला जास्त हात, दोन्ही यात आहे."

ठरलं.

१८ जानेवारी, शनिवार

पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोड. रविवारी बरीच दुकानं बंद असतात म्हणून शनिवारची सुट्टी टाकली.

चार दुकानांत भाव विचारला. एका ठिकाणी प्रोसेसर सर्वात स्वस्त होता, पण खोक्याचं सील कापलेलं आणि "बिल नको असेल तर अजून कमी करतो". नको म्हणालो. बिल नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी गेली, आणि एकवीस हजारांच्या वस्तूवर ती मला हवी आहे. दुसऱ्या ठिकाणी जुनं आरटीएक्स ३०६० काउंटरवर ठेवलं होतं. पाच मिनिटं लावून दाखवा म्हटलं तर, "साहेब, टेस्टेड आहे, घेऊन जा." लावून न दाखवलेलं जुनं कार्ड मी घेणार नाही. जुन्या कार्डाचा बायोस बदलून ते नव्या नावाने खपवणं हा या बाजारातला माहीत असलेला प्रकार आहे.

पक्क्या बिलावर घेतलं: ५७०० एक्स३डी २१,२००. कूलर १,९५० (या प्रोसेसरबरोबर कूलर येत नाही, विसरू नये). १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम ५,६००. ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस ३,९००. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ५,४००. एकूण ३८,०५०.

रॅम ३२ जीबीच का? फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची शिफारसच ३२ ची आहे, आज ना उद्या तिकडे जायचंय. आणि ३२ ची एकच पट्टी घेतली असती तर एकाच चॅनेलवर चालून वेग निम्मा झाला असता, म्हणून दोन.

१९ जानेवारी, रविवार

क्रम महत्त्वाचा. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचा. बोर्डाच्या सपोर्ट यादीत ५७०० एक्स३डी आहे, पण २०२४ च्या बायोसपासून पुढे. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल टाकली, पीसी यूपीएसवर घेतला, पाच मिनिटं कुणी बटणाला हात लावायचा नाही असं सांगून ठेवलं. मधे लाइट गेली तर बोर्डच जातो. नीट झालं.

मग चूक केली. जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून तापवायचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट मऊ होते, हे मला माहीत होतं. तापवलाही. पण तेवढ्यात जेवायला बसलो, वर वामकुक्षी. तासाभराने स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर ओढला. "टक" आवाज आला आणि कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून बाहेर आला. सॉकेटचा खटका बंद असताना.

एएम४ च्या (माझ्या बोर्डाच्या सॉकेटच्या) प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात, केसासारख्या. उलटा धरून खिडकीपाशी नेला. रांगा शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ दिसायला हव्यात, एका कोपऱ्यात चार पिना कलल्या होत्या. ०.७ च्या क्लच पेन्सिलमधली शिसं काढली, तिचं रिकामं टोक पिनेवर अलगद बसतं. लेक मोबाइलचा टॉर्च धरून बसली. एकेक पिन, श्वास रोखून, थोडी थोडी. "बाबा, शेवटची अजून डावीकडे आहे." एका फटक्यात सरळ केली तर तुटते. वीस मिनिटं लागली. नंतर जुन्या एटीएम कार्डाची कड रांगांमधून फिरवून बघितली, कुठे अडली नाही. परत बसवून पीसी चालू केला, विंडोज सुरू झालं, दोन्ही रॅम दिसल्या. तेव्हा कुठे पाणी प्यायलो.

दुसऱ्यांदा तापवला, बंद केल्या केल्या कूलर आधी डावीकडे-उजवीकडे हलका पिळला, मग उचलला. सुटा आला.

नवा प्रोसेसर, मध्ये वाटाण्याएवढी पेस्ट, नवा कूलर, नव्या रॅम, एसएमपीएस, एनव्हीएमई. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी आपोआप बंद झालेलं असतं, ते परत चालू केलं. ३२०० दिसलं. झोपायला एक वाजला.

२२ जानेवारी, बुधवार

तीच फ्लाइट, तीच जागा, कार्ड जुनं १०६० च, टेरेन २०० वर.

मेनथ्रेड ३९ वरून १९. जीपीयू २४. खाली पहिल्यांदाच "लिमिटेड बाय जीपीयू". सेकंदाला ४१ फ्रेम. कार्डाला हातही न लावता २५ च्या ४१ झाल्या, आणि नेमक्या घाटकोपरवर, जिथे आपटत होतो तिथे.

शहर: एक तास १ मिनिट १० सेकंदांत. आधी २:४० होता. लेकीने तीनदा मोजून घेतलं, तिला खरं वाटेना.

आता मात्र कार्डाची पाळी आलीय, हेही मोजूनच कळलं.

२६ जानेवारी, रविवार

हातात १६,९५०. तीन नावं होती. आरएक्स ६६०० नवं, ८ जीबी, पण बजेटच्या वर. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबरात आलं, १२ जीबीचं आणि दिसायला आकर्षक, पण तेही वर, शिवाय जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जास्त ओझं टाकतो असं चाचण्यांमध्ये दिसतंय. आणि एक बारीक गोष्ट: ही दोन्ही कार्डं पीसीआयच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या रस्त्याच्या, आठच मार्गिका वापरतात. माझा बी४५० पीसीआय ३.० चा, तिथे आठ मार्गिका म्हणजे अरुंद रस्ता. तिसरं नाव आरटीएक्स ३०६०, ते पूर्ण सोळा वापरतं. कार्डाची मेमरी भरली की हा रस्ता अडतो, म्हणून १२ जीबीचं सेकंड हँड ३०६० शोधत होतो. २०२४ च्या फ्लाइट सिम्युलेटरला ८ जीबीची शिफारस आहे, सिटीज स्कायलाइन्स २ ला तर थेट १० जीबीचं ३०८० सांगितलंय.

गंगापूर रोडला एका इंजिनीअरिंगच्या मुलाकडे मिळालं. २०२२ चं, खोका आणि बिल होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात खूप आली, म्हणून स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, "काका, मी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकत होतो, बघा तुम्हीच." त्याच्याच पीसीवर पंचवीस मिनिटं पूर्ण लोड दिला. ७१ अंशांवर स्थिर, पंख्यांचा खरखराट नाही. जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३,५८४ कोअर, १९२ बिट, १२ जीबी. कार्डावरचा सीरियल नंबर खोक्याशी आणि बिलाशी जुळला. १८,००० सांगितले होते, १६,५०० ला दिलं.

३८,०५० आणि १६,५००, एकूण ५४,५५०.

२ फेब्रुवारी, रविवार

मुंबईची फ्लाइट, सेटिंग मीडियमवरून हाय: मेनथ्रेड १९, जीपीयू १८. दोघंही जवळजवळ बरोबरीने चालतात. सेकंदाला ५२ च्या आसपास. रॅमचा वापर १८ जीबी, म्हणजे १६ मध्ये भागलं नसतं.

शहरासाठी कार्डाने घड्याळ फारसं हललं नाही, १:१० चं १:०५. फ्रेम मात्र २४ वरून ३८. या खेळात डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं धूसर दाखवणं) बंद आणि व्हॉल्युमेट्रिक्स (धुकं, ढग) कमी केलं की बराच भार उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये खेळ आला तेव्हा लांबून ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या माणसांचे दातसुद्धा पूर्ण तपशिलात काढले जात होते. नंतरच्या अपडेटनी पुष्कळ सुधारलं, तरी कार्ड लागतंच.

लेकीने आज द्वारका चौक पाडून पुन्हा बांधला. गेले दोन महिने तिला मुंबई नाका ते द्वारका कोंडी नेमकी कुठून सुरू होते तेच बघता येत नव्हतं, एक सकाळ सरकायला पाव तास जायचा. आज एका बैठकीत तिने शहराचे तीन दिवस बघितले. कोंडी चौकात सुरूच होत नाही, मागे सर्व्हिस रोड जिथे येऊन मिळतो तिथे सुरू होते, हे तिने मला बोट ठेवून दाखवलं. वहीत आकृती काढून ठेवलीय.

९ फेब्रुवारी, रविवार

१०६० साडेचार हजारांना गेलं. २६०० ला २,८०० आले, पिना वाकून सरळ केल्याचं घेणाऱ्याला आधीच सांगितलं होतं, त्याने समोर लावून बघितला आणि नेला. ७,३०० हातात. त्यातून जॉयस्टिक घेणार, कीबोर्डने नाक उचलणं आता पुरे.

आज ओझर ते मुंबई, सकाळी आठ. घाटकोपर, कुर्ला, धावपट्टीचे पांढरे पट्टे. वीस फुटांवर नाक उचललं, चित्र एकदाही थबकलं नाही, आणि चाकं टेकलेली आवाजावरून कळलं.

प्रोसेसरचं तापमान ७२ अंश, खोलीत २४ असताना. याची मर्यादा ९० आहे. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी खोली ३६ वर जाते, म्हणजे उरलेला फरक जवळपास संपतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला, हीच फ्लाइट पुन्हा मोजायची. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत दुसऱ्या पंख्याची जागा रिकामी आहे.